रंग हरला की शाळा?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझं एक प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं. बाजरीचं बियाणं पेरण्याआधी ठरावीक वेळ भिजवून सुकवलं, तर कमी पाण्यात रोपं जास्त तग धरतात का, असा प्रश्न होता. सहा महिन्यांचा डेटा हातात, आलेखात फरक ठळक, पी-व्हॅल्यू मनासारखी. ते प्रकरण आज माझ्या प्रबंधात नाही. ते मी काढलं शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सहावीच्या मुलीमुळे. तिला हे अजून माहीत नाही.

आजचा लेख प्रयोगाच्या आखणीवर आहे. पेट, नेट, सेट यांच्या तयारीत तुम्ही रँडमायझेशन, रेप्लिकेशन, ब्लॉकिंग या शब्दांच्या व्याख्या पाठ केल्या असतील. मीही केल्या होत्या आणि पेपरात मार्कही मिळवले होते. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि आपल्याच टेबलावरची चूक दिसणं वेगळं. मला ती कागदी हेलिकॉप्टरमुळे दिसली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

उडणारा माणूस

आम्ही चार संशोधक विद्यार्थी आणि एक चित्रकलेचे शिक्षक मिळून शनिवारी दोन शाळांमध्ये जायचो. एक शिरूर तालुक्यातली, दुसरी दौंड तालुक्यातली. उपक्रम कलेचा होता आणि विषय होता 'उडणारा माणूस'. मुलांनी आधी चित्रं काढली. मग गावानं हात लावला. एका आजोबांनी बांबूच्या कामट्या तासून दिल्या, शिंप्यानं चिंध्या दिल्या, आज्यांनी जुनी लुगडी दिली. त्यातून माणसाच्या मापाचे पंख झाले आणि ते शाळेच्या व्हरांड्यात टांगले. ते घालून कोणी उडणार नव्हतं, पण ते घालून फोटो काढायला सगळं गाव आलं.

या भागाला असं काम नवं नाही. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. करत करत शिकायचं, गावाला लागणाऱ्या वस्तू मुलांनी बनवायच्या, हा तिथला पाया. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटी, स्ट्रॉ आणि रद्दी कागदांतून खेळण्यांचा खजिना उभा केला. आमचं कागदी हेलिकॉप्टर त्याच परंपरेतलं.

ते करायला दोन मिनिटं लागतात. ए-फोर कागदाच्या चार सारख्या आडव्या पट्ट्या कापायच्या. एक पट्टी साधारण ७.४ सेंमी रुंद आणि २१ सेंमी लांब होते. वरच्या अर्ध्या भागात मधोमध उभा काप द्यायचा आणि झालेले दोन पंख एक पुढे, एक मागे दुमडायचे. खालचा भाग दोन्ही बाजूंनी आत दुमडून दांडा करायचा आणि त्याच्या टोकाला यू-पिन लावायची. उंचावरून सोडलं की गरगर फिरत खाली येतं.

फिरतं का? खाली येताना हवा दोन्ही पंखांना वर ढकलते. पंख थोडे तिरके असतात, म्हणून त्या ढकलण्याचा काही भाग बाजूला जातो. एका पंखाला तो एकीकडे ढकलतो, दुसऱ्याला उलट दिशेला. हे दोन्ही धक्के मध्यापासून थोडे बाजूला लागतात, त्यामुळे गिरकी सुरू होते. आणि ती एकदा सुरू झाली की हेलिकॉप्टर उलटसुलट न होता सरळ उतरतं.

उतरण्याचा वेग किती? थोड्याच वेळात हवेचा विरोध आणि वजन यांची बरोबरी होते आणि वेग स्थिर होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हा स्थिर वेग वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दौंड जिंकलं

शिरूरच्या शाळेत मुलांनी हेलिकॉप्टर ड्रॉइंगच्या कागदाचं केलं आणि पोस्टर कलरनं रंगवलं. मोराची चिंचोली जवळच असल्यामुळे बहुतेकांच्या पंखांवर मोरपिसाचे डोळे आले. पुढच्या शनिवारी दौंडला गेलो, तेव्हा ड्रॉइंगचे कागद संपले होते. तिथे आमच्या लॅबमधले पाठकोरे कागद वापरले. रंगवायला वेळ उरला नाही. दोन्हीकडे तीन मीटर उंचीची खूण केलेला बांबू उभा केला आणि तेवढ्या उंचीवरून हेलिकॉप्टर सोडून मोबाईलच्या स्टॉपवॉचनं वेळ घेतली.

दौंडची हेलिकॉप्टर जास्त वेळ हवेत राहिली. मी तिसऱ्या शनिवारी शिरूरला जाऊन फळ्यावर दोन स्तंभ काढले आणि हसत हसत म्हणाले, "दौंडवाले जिंकले." वर्गात गलका झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून ती मुलगी उठली.

"ताई, त्यांनी रंगच नाय लावला. मंग आमी हारलो का आमचा रंग हारला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण उत्तर नव्हतं.

दोन्ही शाळांमध्ये फक्त रंगाचा फरक नव्हता. कागद वेगळा, रंग वेगळा, मुलं वेगळी, खोली वेगळी, स्टॉपवॉच धरणारं माणूसही वेगळं. आणि हे सगळे फरक एकत्रच बदलले होते. जिथे ड्रॉइंगचा कागद तिथेच रंग, जिथे रंग तिथेच शिरूर. असं झालं की परिणाम कुणाचा हे डेटातून सांगताच येत नाही. मोजणी कितीही वाढवली तरी येत नाही. याला कन्फाउंडिंग म्हणतात. मराठीत आपण कारणांची सरमिसळ म्हणू.

कागदाचाच हिशोब बघा. कॉपियरचा साधा कागद ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. आपली पट्टी साधारण १.२५ ग्रॅम भरते. तीच पट्टी १४० जीएसएमच्या ड्रॉइंग कागदाची असेल तर जवळजवळ २.२ ग्रॅम. वजन पावणेदोनपट, त्याचं वर्गमूळ सुमारे १.३. पिनेचं वजन सोडून दिलं, तर नुसत्या कागदानंच उतरण्याचा वेग तीसएक टक्क्यांनी वाढतो. त्यावर रंगाचा थर. शिरूर आणि दौंडच्या मुलांच्या हातात काही फरक असलाच, तर तो या ढिगाखाली कुठेतरी गाडलेला.

वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये

त्या संध्याकाळी शिरूरहून पुण्याला येताना एसटी वाघोलीत अडकली. वेळ भरपूर होता. मुलीचा प्रश्न डोक्यात घोळत होता आणि एकदम माझ्या लॅबमधले रॅक डोळ्यांसमोर आले.

माझे भिजवलेल्या बियांचे सगळे ट्रे वरच्या रॅकवर होते. न भिजवलेल्यांचे सगळे खालच्या. लेबलं मिसळू नयेत आणि पाणी देताना गोंधळ होऊ नये म्हणून मीच तशी मांडणी केली होती. वरच्या रॅकला खिडकीचा उजेड मिळतो. खालच्यावर एसीचा झोत येतो. मग रोपं जोमदार झाली ती भिजवण्यामुळे की रॅकमुळे? बियाणं जिंकलं की रॅक जिंकला?

यात दुसरी एक चूक लपलेली होती. मी म्हणत होते की माझी सॅम्पल साईज मोठी आहे, कारण प्रत्येक ट्रेमध्ये भरपूर रोपं होती. पण एकाच रॅकवर वाढलेली रोपं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांचं ऊन एक, वारा एक. रॅकच्या हिशोबानं माझ्याकडे प्रत्येक बाजूला एकच नमुना होता. एकच हेलिकॉप्टर वीस वेळा सोडलं तर वीस हेलिकॉप्टरांची माहिती मिळत नाही, एकाचीच वीस वेळा मिळते, तसंच हे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातल्या प्रयोगांमधली हीच चूक उघड केली आणि तिला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. तो पेपर मी वाचला होता. पिवळ्या हायलायटरनं रंगवलाही होता.

मग नीट कसं करायचं?

पुढच्या दोन शनिवारी आम्ही मुलांबरोबर तोच प्रयोग पुन्हा आखला. कागदी हेलिकॉप्टरवर प्रयोगाची आखणी शिकवणं ही काही आमची कल्पना नाही. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांचा १९९२ सालचा एक लेखच त्यावर आहे, इंजिनिअरांना शिकवण्यासाठी लिहिलेला. तुम्हीही घरी करून बघा.

पहिली गोष्ट, घटक एकमेकांपासून सुटे करा. आम्ही कागद एकच ठेवला आणि दोन घटक निवडले, पंखाची लांबी आणि रंग. लांब-कोरं, लांब-रंगीत, आखूड-कोरं, आखूड-रंगीत असे चार प्रकार झाले. दोन्ही शाळांनी चारही प्रकार बनवले. आता रंग एका शाळेच्या वाट्याला आणि कोरेपणा दुसरीच्या, असं होत नाही.

चारही जोड्या करण्याचा आणखी एक फायदा आहे. समजा, आखूड-कोरं १.६ सेकंद राहिलं, आखूड-रंगीत १.५, लांब-कोरं २.४ आणि लांब-रंगीत १.९ सेकंद. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. आखूड पंखांवर रंगानं ०.१ सेकंदाचं नुकसान केलं, लांब पंखांवर ०.५ सेकंदाचं. म्हणजे 'रंगाचा परिणाम किती' याला एक उत्तर नाही, ते पंखावर अवलंबून आहे. ओल्या रंगानं लांब पंख वाकडे होत असतील, हे एक संभाव्य कारण. याला इंटरॅक्शन म्हणतात. एका वेळी एकच घटक बदलायचा असं शाळेत शिकवतात, पण तसं करून हे कळलंच नसतं. फक्त आखूड पंखांवर रंग तपासला असता, तर 'रंगानं फारसं बिघडत नाही' म्हणून आपण मोकळे झालो असतो.

दुसरी गोष्ट, खऱ्या प्रती करा. प्रत्येक प्रकाराची पाच वेगवेगळी हेलिकॉप्टर, वेगवेगळ्या मुलांनी केलेली. घडीत, कापात, रंगाच्या थरात जो नैसर्गिक फरक पडतो, तो दिसायला हवा. फरक किती पडतो हेच माहीत नसेल, तर दोन प्रकारांमधला फरक मोठा की लहान हे कशाच्या तुलनेत ठरवणार?

तिसरी, क्रम चिठ्ठ्यांवर सोडा. वीस चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि येईल ते हेलिकॉप्टर सोडलं. नाहीतर काय होतं, आधी सगळी कोरी सोडतो, नंतर सगळी रंगीत. तोवर सोडणाऱ्याचा हात दमलेला असतो, दुपारचा वारा सुटलेला असतो, आणि तो दोष रंगाच्या माथी बसतो.

चौथी, जे टाळता येत नाही त्याचे गट पाडा. वावराचं उदाहरण घेऊ. घोड नदीकाठचं काळं रान आणि माळावरचं मुरमाड रान यांत कांद्याच्या दोन जातींची तुलना करायची आहे. एक जात काठाला आणि दुसरी माळावर लावली तर ती तुलनाच नव्हे. दोन्ही रानांत दोन्ही जाती लावायच्या आणि तुलना रानाच्या आतल्या आत करायची. प्रत्येक रान हा एक ब्लॉक. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात गेले. तिथल्या कामातून ही पद्धत घडली आणि १९३५ साली त्यांचं प्रयोगांच्या आखणीवरचं पुस्तक आलं. आमच्यासाठी प्रत्येक शाळा हा ब्लॉक होता. माझ्या लॅबमध्ये प्रत्येक रॅक ब्लॉक असायला हवा होता.

पाचवी, मोजणाऱ्यावरही संशय घ्या. स्टॉपवॉच दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. उड्डाणच दोन सेकंदांचं असेल तर हा वेळ थोडाथोडका नाही. आम्ही प्रत्येक उड्डाणाला तीन मुलांना वेळ घ्यायला लावली आणि मधला आकडा धरला. हेलिकॉप्टरवर शाळेचं नाव न लिहिता फक्त नंबर टाकला. रंग तर डोळ्यांना दिसतोच, तो लपवता आला नाही, आणि ती मर्यादा मुलांनी वहीत लिहून ठेवली.

इथे एक फरक समजून घ्या. कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी अशी चूक असेल, तर पुष्कळ मोजण्यांच्या सरासरीत ती बरीचशी निघून जाते. पण एकाच दिशेची चूक सरासरीनं जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांबद्दल हेच दाखवलं होतं. कापणीसाठी फारच छोटा तुकडा आखला तर उत्पन्न वाढवून दिसतं, कारण हद्दीवरची रोपं आत धरली जातात. तुकडा छोटा तेवढी हद्द मोठी. असे हजार तुकडे कापले तरी उत्तर चुकीचंच येतं, फक्त जास्त आत्मविश्वासानं.

किती सेकंद?

दौंडच्या शाळेत शेवटच्या दिवशी आम्ही माणसाच्या उडण्याच्या गोष्टी सांगितल्या. राइट बंधूंना १८७८ साली वडिलांनी एक खेळणं आणून दिलं होतं, रबरानं फिरणारं छोटं हेलिकॉप्टर. त्यांनी त्याच्या मोठ्या आवृत्त्या करून बघितल्या, पण खेळणं जितकं मोठं तितकं ते कमी उडायचं. आकार दुप्पट केला की ताकद दुपटीनं वाढवून भागत नाही, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पुढे १९०१ साली ग्लायडर अपेक्षेप्रमाणे उडेना, तेव्हा त्यांनी छापील तक्त्यांवर विसंबून न राहता स्वतः पवनबोगदा केला आणि सुमारे दोनशे पंखांचे आकार तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिलं उड्डाण झालं. १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंदांचं.

तिथल्या गुरुजींनी शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट सांगायला सांगितली. सांगावी अशीच ती आहे. तळपदे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवायचे, म्हणजे आमच्या उपक्रमाचे थेट पूर्वज. त्यांना विमानाचा ध्यास होता. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचं 'मरुत्सखा' हे मानवरहित यंत्र १५०० फूट उंच गेलं, असं सांगितलं जातं.

एका मुलानं हात वर केला. "ताई, ते किती सेकंद उडालं?"

सकाळभर हातात स्टॉपवॉच असलेल्या मुलाला दुसरा कुठला प्रश्न पडणार? मी खरं ते सांगितलं. तळपदे यांचा ध्यास खरा होता. पण त्या उड्डाणाची त्या काळातली, तपासून बघता येईल अशी नोंद मिळालेली नाही. वेळ नाही, मोजमाप नाही, यंत्राचा आराखडा नाही. त्यांच्या यंत्राशी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव जोडलं जातं, त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गुरुजी थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "म्हणजे लिहून ठेवायला पाहिजे होतं."

हो, लिहून ठेवायला पाहिजे. शिरूर-दौंडच्या त्या मुलांच्या वहीत तारीख आहे, उंची आहे, कागदाचा प्रकार आहे, वेळ कोणी घेतली ते आहे. काय जमलं नाही तेही आहे. उद्या कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, तर तो स्वतः हेलिकॉप्टर करून बघू शकतो.

माझ्या प्रकरणाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. सोमवारी गाईडसमोर जाऊन रॅकची गोष्ट सांगितली. अवघड गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "ट्रे फिरवले नव्हतेस?" नव्हते. पुढचे पाच महिने प्रयोग पुन्हा केला, प्रत्येक रॅकवर दोन्ही प्रकारचे ट्रे, जागा चिठ्ठ्या टाकून, दर आठवड्याला फेरबदल. फरक उरला, पण पहिल्यापेक्षा बराच लहान. आलेख आता तितका देखणा नाही, पण कोणी काही विचारलं तर मला उत्तर देता येतं.

तुम्ही प्रयोग सुरू करणार असाल, तर पहिला ट्रे, पहिली टेस्टट्यूब किंवा पहिली प्रश्नावली हातात घेण्याआधी मांडणीचं चित्र कागदावर काढा. मग ते तुमच्या विषयातलं काहीच माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि विचारा, यात आणखी काय काय वेगळं आहे? शक्यतो सहावीतल्या कोणाला तरी विचारा.